घर की कुंपण?
अमेरिकी विद्यापीठांतील वंशनिहाय वसतिगृहांचा वाद आणि एकरस समाजाचा प्रश्न

(उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



दरवर्षी पावसाळ्याच्या ऐन भरात महाराष्ट्रातील अनेक घरांतून कोणी मुलगा, कोणी मुलगी अमेरिकेच्या वाटेला लागते. व्हिसा, शुल्क, बँकेचे कर्ज या चिंता वडील वाहतात. प्रेशर कुकर, भाजणी आणि मेतकूट यांची बांधाबांध आई करते. सर्व तयारी झाल्यावर मात्र दोघांच्याही मनात एकच प्रश्न उरतो. लेकरू राहणार कुठे आणि कोणाबरोबर? वरवर हा प्रश्न घरगुती वाटतो. अमेरिकेच्या सार्वजनिक विद्यापीठांत मात्र नेमका याच प्रश्नावर गेली पन्नासहून अधिक वर्षे वाद चालू आहे. त्या वादात न्यायालये उतरली, राज्यांची सरकारे उतरली आणि अलीकडे वॉशिंग्टनचे केंद्रीय शिक्षण खातेही उतरले.

वाद असा आहे. तेथील अनेक विद्यापीठांच्या वसतिगृहांत काही मजले किंवा इमारती एखाद्या विषयाला वाहिलेल्या असतात. पर्यावरणाची आवड असणाऱ्यांचा एक मजला, संगीतप्रेमींचा दुसरा, विदेशी भाषा शिकणाऱ्यांचा तिसरा. त्याच यादीत आफ्रिकी-अमेरिकी, लॅटिनो, मूळ अमेरिकी आदिवासी आणि आशियाई अशा वंशांच्या व जनसमूहांच्या नावांनीही निवास आढळतात. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाने वंशाच्या नावाने वेगळे निवास चालवावे काय? पाठीराखे म्हणतात, हे घर आहे. विरोधक म्हणतात, हे कुंपण आहे. दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसे बोलत आली आहेत. म्हणून घाईने निवाडा न करता या प्रश्नाच्या मुळाशी जाणे अगत्याचे आहे.

दार बंद होते तेव्हा

या वादाचे पहिले पान दुःखद आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' खटल्यात 'वेगळे, परंतु समान' या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. त्या निर्णयाच्या आडोशाने दक्षिणेतील राज्यांनी आपली सार्वजनिक विद्यापीठे कृष्णवर्णीयांना बंदच ठेवली. पुढे न्यायालयाच्या दट्ट्याने दार किलकिले करावे लागले, तेव्हाही आत घेतलेल्या विद्यार्थ्याला वेगळे ठेवण्याची युक्ती शोधली गेली.

ओक्लाहोमा विद्यापीठात १९४८ साली जॉर्ज मॅक्लॉरिन हे कृष्णवर्णीय शिक्षक पदव्युत्तर अभ्यासासाठी दाखल झाले. त्यांना वर्गाशेजारच्या दालनात बसवण्यात आले. ग्रंथालयात त्यांचे मेज निराळे, भोजनगृहात त्यांचे टेबल निराळे आणि जेवणाची वेळही निराळी. पुस्तके तीच, प्राध्यापक तेच, शुल्कही तेच. मग तक्रार कशाची? सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली एकमताने उत्तर दिले की, सहाध्यायांशी चर्चा करणे आणि विचारांची देवाणघेवाण करणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. तो हिरावला म्हणजे शिक्षणच अपुरे राहिले. त्याच निकालात न्यायालयाने आणखी एक भेद सांगितला. विद्यार्थ्यांनी आपण होऊन एखाद्याशी न मिसळणे निराळे आणि राज्याने मिसळण्यासच मनाई करणे निराळे. एक माणसाच्या मनाचा दोष आहे, दुसरा राज्याचा अपराध. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण आजच्या वादाची किल्ली त्यात आहे.

१७ मे १९५४ रोजी 'ब्राऊन' खटल्याच्या निकालाने शाळांतील वंशविभागणी घटनाबाह्य ठरली. तथापि कागदावरचा निकाल वसतिगृहाच्या पायरीपर्यंत पोहोचायला फार वेळ लागला. १९५६ च्या फेब्रुवारीत ऑथरिन लूसी ही तरुणी अलाबामा विद्यापीठात दाखल झाली. वर्गात बसण्याची तिला परवानगी होती. वसतिगृहात राहण्याची आणि भोजनगृहात जेवण्याची नव्हती. ज्ञान घ्यावे, पण अन्न आणि निवारा मागू नये, असा तो न्याय होता. काही दिवसांतच जमावाने दंगल माजवली आणि विद्यापीठाने दंगलखोरांना आवरण्याऐवजी तिलाच बाहेर काढले. त्याच विद्यापीठाची पदवी तिला पुढे १९९२ साली मिळाली. १९६२ साली मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ यांच्या प्रवेशावरून उसळलेल्या दंगलीत दोन माणसे मृत्युमुखी पडली. वसतिगृहाच्या खोलीत मेरेडिथ यांना केंद्रीय मार्शलांच्या पहाऱ्यात राहावे लागले. टेक्सास विद्यापीठाने कृष्णवर्णीयांना पदवीचे वर्ग १९५६ साली खुले केले. वसतिगृहे मात्र १९६४ पर्यंत वेगळीच राहिली. वर्गाचे दार आधी उघडते आणि स्वयंपाकघराचे सर्वात शेवटी, हा अनुभव आपल्या समाजालाही अपरिचित नाही.

वेगळेपणाची मागणी कोठून आली?

इतक्या संघर्षानंतर दार उघडले आणि अवघ्या काही वर्षांत एक अनपेक्षित गोष्ट घडली. ज्यांना वेगळे ठेवले जात होते त्यांच्यातीलच काही तरुण 'आम्हाला आमचे वेगळे घर द्या' असे म्हणू लागले.

ही मागणी समजून घेतली पाहिजे. एप्रिल १९६९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनी राहत असलेल्या 'वारी हाऊस' या निवासासमोर रात्री क्रूस जाळण्यात आला. जळता क्रूस ही कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेची धमकीची खूण. त्यानंतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी तेथील विद्यार्थी भवन ताब्यात घेतले. त्या प्रक्षोभाच्या काळानंतर १९७२ साली कॉर्नेलमध्ये 'उजामा' हे निवासी महाविद्यालय निघाले. उजामा हा स्वाहिली भाषेतील शब्द. कुटुंबभाव हा त्याचा अर्थ. टांझानियाचे ज्यूलियस न्येरेरे यांनी तो राजकीय विचारात रूढ केला होता. कॉर्नेल मूलतः खासगी असले तरी न्यूयॉर्क राज्याची काही महाविद्यालयेही चालवते, त्यामुळे तेथील प्रश्न सार्वजनिक झाला. पुढे कॅलिफोर्नियाच्या बर्कले विद्यापीठासारख्या सार्वजनिक संस्थांतही आफ्रिकी-अमेरिकी, मूळ अमेरिकी आणि आशियाई-पॅसिफिक अशा नावांचे निवास सुरू झाले.

ज्या मुलीच्या खिडकीसमोर क्रूस जाळला गेला, तिने आपल्या माणसांत राहण्याची इच्छा धरली तर तिला फुटीर म्हणणे अन्यायाचे ठरेल. भयभीत माणूस प्रथम आसरा शोधतो. तत्त्वचर्चा त्यानंतर येते.

घरातूनच उठलेला विरोध

या वेगळेपणाला पहिला कडाडून विरोध कोणी केला? कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचलेल्या धुरीणांनी. नागरी हक्कांची सर्वात जुनी व मोठी राष्ट्रीय संघटना असलेल्या 'एनएएसीपी'चे नेते रॉय विल्किन्स यांनी १९६९ साली विद्यापीठांतील या स्वेच्छा-विभाजनावर जाहीर टीका केली. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे संघटक बेयर्ड रस्टिन यांनीही अलगतेच्या वाटेला विरोध केला.

सर्वात बोलके उदाहरण केनेथ क्लार्क यांचे. क्लार्क आणि त्यांच्या पत्नी मॅमी हे दोघेही मानसशास्त्रज्ञ. कृष्णवर्णीय मुलांसमोर काळी आणि गोरी बाहुली ठेवून त्यांनी प्रयोग केले. बरीच मुले गोरी बाहुली चांगली म्हणून उचलतात, असे त्यांना आढळले. वेगळे ठेवल्याने कोवळ्या मनावर न्यूनत्वाचा शिक्का बसतो, हे त्यांचे प्रतिपादन 'ब्राऊन' खटल्यात मांडले गेले आणि निकालाच्या टीपेत त्याचा उल्लेख आला. त्याच क्लार्क यांनी १९६९ साली ओहायोतील अँटिऑक महाविद्यालयाच्या विश्वस्तपदाचा राजीनामा दिला, कारण त्या महाविद्यालयाने गौरवर्णीयांना वगळणारा कृष्णवर्णीयांचा वेगळा कार्यक्रम मान्य केला होता. पुढे न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळावर असताना त्यांनी कॉर्नेलच्या उजामालाही विरोध केला. लादलेली भिंत वाईट आणि मागून घेतलेली भिंत चांगली, असा दुहेरी मापदंड त्यांनी ठेवला नाही.

या माणसांना आपल्या बांधवांची वेदना कळत नव्हती, असे कोण म्हणेल? उलट ती वेदना त्यांनी स्वतः भोगली होती. म्हणूनच, सत्तेच्या आणि ज्ञानाच्या मुख्य प्रवाहापासून दूरची खोली सजवून मिळाली तरी ती दूरचीच राहते, हे त्यांना दिसत होते.

कायद्याची भाषा आणि व्यवहार

१९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार, केंद्राचा निधी घेणाऱ्या संस्थेला वंशावरून कोणाला वगळता येत नाही. कॅलिफोर्नियात त्यात भर पडली ती १९९६ च्या जनमताने संमत झालेल्या २०९ क्रमांकाच्या प्रस्तावाची. सार्वजनिक विद्यापीठांनी वंशावरून कोणाला प्राधान्यही देऊ नये, असे त्याने ठरवले. मग वंशाच्या नावाचे निवास चालतात कसे? उत्तर 'थीम' म्हणजे विषयसूत्र या शब्दात आहे. अर्जावर म्हटलेले असते की, हा निवास अमुक वंशाच्या विद्यार्थ्यांचा नसून त्या समूहाच्या इतिहासात आणि संस्कृतीत रस असणाऱ्या कोणाचाही आहे. राहू इच्छिणारा विद्यार्थी आपली आवड लिहून देतो. चर्चासत्रे, मार्गदर्शन आणि प्राध्यापकांचा सहवास मिळतो. दार कागदोपत्री सर्वांना खुले असते; व्यवहारात बहुतेक रहिवासी एकाच समूहाचे असतात. कॉर्नेलविरुद्ध १९९० च्या दशकात तक्रार झाली, तेव्हा प्रवेश सर्वांना खुला असल्यामुळे केंद्रीय खात्याला कायद्याचा भंग आढळला नाही. त्याच कॉर्नेलमध्ये १९९१ साली मूळ अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या निवासाचे नाव 'अक्वेकॉन' आहे. मोहॉक भाषेतील या शब्दाचा अर्थ आहे 'आपण सारे'. नाव किती सुंदर! पण त्या नावाला जागणे किती कठीण!

२०१६ साली हा वाद पुन्हा पेटला. कनेक्टिकट विद्यापीठाने नव्या वसतिगृहाचा एक भाग कृष्णवर्णीय पुरुष विद्यार्थ्यांना साहाय्यभूत ठरेल अशा निवासी कार्यक्रमाला दिला. या विद्यार्थ्यांचे पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण कमी होते, हे त्यामागचे कारण. त्यावर अमेरिकी नागरी हक्क आयोगाचे दोन सदस्य, गेल हेरियट आणि पीटर किर्सानो, यांनी विद्यापीठाला पत्र लिहून आक्षेप घेतला. त्यांपैकी किर्सानो स्वतः कृष्णवर्णीय आहेत. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या राज्य विद्यापीठाने कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेच्या मागणीनंतर 'हलिसी' नावाचा निवास सुरू केला, तर २०२१ साली वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाने तसाच कार्यक्रम हाती घेतला. 'नॅशनल असोसिएशन ऑफ स्कॉलर्स' या परंपरावादी संस्थेने २०१९ मध्ये १७३ शिक्षणसंस्थांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक संस्थांत अशा स्वरूपाचे निवास आणि सत्तर टक्क्यांहून अधिक संस्थांत वंशनिहाय पदवीदान सोहळे असल्याचे तिने म्हटले.

जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात प्रवेशातील वंशविचार बेकायदा ठरवला. त्या निकालाचा आधार घेऊन १४ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्रीय शिक्षण खात्याने पत्र काढले आणि वसतिगृहांतील व पदवीदान सोहळ्यांतील वंशनिहाय विभागणीवर थेट बोट ठेवले. ऑगस्ट २०२५ मध्ये मेरीलँडच्या केंद्रीय न्यायालयाने ते पत्र रद्द केले. धोरण चांगले की वाईट यावर न्यायालयाने मत दिले नाही. ते आणण्याची रीत सदोष ठरली. म्हणजे पत्र गेले, प्रश्न राहिला. फतवे काढून समाज एकरस होत नाही, हेही त्यातून दिसले.

पाठीराख्यांचे म्हणणे

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या उत्तम रूपात मांडावे, ही आपल्याकडील शास्त्रार्थाची रीत आहे. मानसशास्त्रज्ञ बेव्हर्ली डॅनियल टॅटम यांचे १९९७ मधील पुस्तक या विषयावर गाजले. त्यांचा युक्तिवाद असा की, दिवसभर परक्या नजरांना तोंड देणाऱ्या तरुणाला आपल्या माणसांत घडीभर विसावा मिळाला तर तो बाहेरच्या जगात अधिक विश्वासाने वावरतो. शंभरांत चार-पाच असणाऱ्याची ही गरज शंभरांत सत्तर असणाऱ्याला सहसा कळत नाही.

दुसरा मुद्दा अधिक झोंबणारा आहे. गौरवर्णीयांचे वेगळे निवास कोणाला का खुपले नाहीत? अलाबामा विद्यापीठातील जुने गौरवर्णीय विद्यार्थिनी संघ, ज्यांची स्वतःची आलिशान निवासस्थाने आहेत, ते २०१३ पर्यंत व्यवहारात गौरवर्णीयच होते. एका कृष्णवर्णीय मुलीला केवळ वंशामुळे नाकारल्याची बातमी विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने फोडली, तेव्हा कोठे विद्यापीठ हलले. ऑथरिन लूसीला हाकलल्यानंतर सत्तावन्न वर्षांनी! बहुसंख्यांच्या वेगळेपणाला परंपरा म्हणायचे आणि अल्पसंख्यांच्या वेगळेपणाला फुटीरता, हा न्याय नव्हे. हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्यच केला पाहिजे.

सहवास काय करतो?

तरीही प्रश्न उरतो की, तरुणांच्या मनाला प्रत्यक्षात कोणता सहवास घडवतो? याचा अभ्यास झाला आहे. एका मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात खोल्या वाटताना सोबती चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरत. त्याचा उपयोग करून मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हेच क्रेमर पुढे २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्यासह अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झाले. ज्या गौरवर्णीय विद्यार्थ्यांच्या वाट्याला कृष्णवर्णीय सोबती आला, ते पुढील काळातही अन्य वंशीयांशी अधिक मोकळेपणाने वागताना दिसले.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जिम सिडॅनियस आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखल झालेल्या दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा पाच वर्षे मागोवा घेतला आणि २००८ साली तो ग्रंथरूपाने मांडला. भिन्न वंशाच्या सोबत्यामुळे पूर्वग्रह सामान्यतः कमी झाले. वंशनिष्ठ विद्यार्थी संघटनांच्या सदस्यत्वाने मात्र आपल्यावर अन्याय होतो आहे ही भावना आणि समूहासमूहांतील संघर्षाची जाणीव तीव्र झाली. गौरवर्णीयांच्या बंधुसंघांचा परिणामही तसाच आढळला. म्हणजे कुंपण कोणाचेही असो, ते मनात सारखेच उगवते.

याच अभ्यासातील एक निष्कर्ष आपल्याला अंतर्मुख करणारा आहे. आशियाई वंशाच्या सोबत्यांच्या सहवासाने इतरांचे पूर्वग्रह कमी होण्याऐवजी काहीसे वाढले. संशोधकांच्या मते, त्या सोबत्यांच्या मनातच पूर्वग्रह तुलनेने अधिक होते आणि सहवासाने तेही संक्रमित झाले. सहवासातून गुण लागतो तसा दोषही लागतो. अमेरिकी अर्जावर 'आशियाई' या रकान्यात आपलीही मुले मोडतात. ती तेथे कोणती मने घेऊन जातात, हा प्रश्न इतरांनी विचारण्याआधी आपण विचारावा.

महाराष्ट्राचा अनुभव

वसतिगृहाची खोली म्हणजे काय, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांइतके कोणाला कळले असेल? १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये ते नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. स्वदेशी परतल्यावर १९१७ साली बडोद्याला नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला. जात कळताच तेथूनही त्यांना हुसकावण्यात आले. मात्र यावरून अमेरिकेला निष्कलंक समजू नये. त्याच कोलंबियात १९२१ साली लँग्स्टन ह्यूज या पुढे कीर्तिमंत झालेल्या कृष्णवर्णीय कवीला राखून ठेवलेली खोली देताना चेहरा पाहून खळखळ झाली होती. प्रत्येक समाजाला दूरचा पाहुणा चालतो, घरातला उपेक्षित चालत नाही. आपला दोष आपणच झाडावा लागतो.

वेगळ्या वसतिगृहांचा प्रश्न महाराष्ट्रानेही हाताळला आहे. कोल्हापूरला सर्व जातींच्या मुलांसाठी काढलेल्या वसतिगृहाचा लाभ मागासलेल्या जातींपर्यंत पोहोचत नाही, असे राजर्षी शाहू महाराजांना दिसून आले. मग १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी अशी एकेका समाजाची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. महाराज जातिभेद वाढवत होते काय? मुळीच नाही. जो मुलगा शाळेच्या गावापर्यंतच पोहोचत नव्हता, त्याला तेथे अंथरूण आणि भाकरी मिळावी म्हणून ती योजना होती.

त्याच कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. या तरुणाने पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. तेथे मुले एकत्र राबत आणि एका पंक्तीला बसत. वसतिगृह चालावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ साली त्या वसतिगृहाचे नामकरण झाले, तेव्हा कर्मवीरांनी नाव निवडले ते 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस'.

या नावात मोठा अर्थ आहे. कर्मवीरांनी महाराजांना चूक ठरवले नाही. त्यांनी महाराजांचे काम पुढच्या टप्प्यावर नेले. शाहू महाराजांनी मुलाला शाळेच्या गावी आणले, भाऊरावांनी त्याला सर्वांच्या ताटाशेजारी बसवले. पहिला टप्पा नसता तर दुसरा आला नसता. आणि दुसरा आला नसता, तर पहिला जातीजातींचे कायमचे कप्पे होऊन बसला असता.

औषध आणि आहार

अमेरिकेतील वादाकडे या दृष्टीने पाहिले की गुंता सुटू लागतो. वेगळे निवास हे औषध आहे. तो रोजचा आहार होऊ शकत नाही. औषध देताना वैद्य दोन गोष्टी सांगतो: ते कशासाठी आणि किती दिवस. उजामाची मागणी झाली तेव्हा दुखणे खरे होते. परंतु पन्नास वर्षे औषध चालूच असेल आणि ते कधी थांबवायचे याची चर्चाही होत नसेल, तर वैद्याला जाब विचारला पाहिजे. विद्यापीठांना हा मार्ग सोपा वाटतो. एक मजला देऊन टाकला की मागणीकर्ते शांत होतात आणि उरलेले वसतिगृह आहे तसे चालू राहते. तेथील शेरेबाजी, तेथील तुटक वागणूक, तेथील बंधुसंघांची बंद दारे कोणी बदलत नाही. वेगळा मजला हा दुर्बलांना दिलेला न्याय आहे की सबळांना त्यांच्या कर्तव्यातून दिलेली सूट?

मॅक्लॉरिन खटल्यातील भेद येथे उपयोगी पडतो. एका टेबलावर जेवायला कोणाबरोबर बसावे, हे राज्याने ठरवू नये. मित्र निवडणे हा माणसाचा हक्क आहे. आपल्या भाषेचे, सणांचे, स्मृतींचे मंडळ कोणीही जरूर चालवावे. तथापि सार्वजनिक संस्थेने कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी 'तुझा वंश कोणता आणि तुझा मजला कोणता' असे विचारणे, ही निराळी गोष्ट आहे. संस्थेने माणसाला आधी नागरिक म्हणून ओळखावे. आणि तिला खरोखरच मदत करायची असेल, तर अभ्यासातील मार्गदर्शन, आर्थिक साहाय्य आणि छळाची दाद ही सामायिक छताखालीच भरभक्कम द्यावी.

मात्र एकत्वाची हाक देण्याचा अधिकार फुकट मिळत नाही. 'आमच्यात मिसळा' असे म्हणणाऱ्याने आधी आपले घर मिसळण्याजोगे केले पाहिजे. समरसता हे प्रथम बहुसंख्यांचे कर्तव्य आहे. १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत सरसंघचालक बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेविषयी जे निःसंदिग्ध विचार मांडले, त्यांचा रोख हिंदू समाजाच्या आत्मपरीक्षणाकडेच होता. शाखेत शेजारच्याची जात न विचारता खांद्याला खांदा लावून उभे राहण्याचा संस्कार त्यासाठीच आहे. तो संस्कार मैदानावरून घराच्या उंबऱ्यापर्यंत आला तरच खरा.

आपल्या घरासाठी

परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी यातून काय घ्यावे? तेथे गेल्यावर आपल्याच गावची, आपल्याच भाषेची चार मुले शोधून एक सदनिका घेणे सोयीचे असते. भाडे विभागले जाते, वरण-भात मिळतो, आजारपणात कोणी विचारपूस करते. पहिल्या वर्षी ते स्वाभाविकही आहे. पण दोन वर्षे संपली आणि एकाही अमेरिकी, आफ्रिकी वा कोरियन सहाध्यायाच्या घरी मुलगा जेवला नाही, कोणाला त्याने आपल्या घरी गणपतीच्या प्रसादाला बोलावले नाही, तर त्याने पदवी मिळवली, पण विद्यापीठ गमावले. विशेषतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्याविषयी ऐकीव भीती आणि रंगाविषयीची आपल्याकडची जुनी ओढ बरोबर नेऊ नये. ज्यांच्या हक्कलढ्यानंतर १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला, त्यांचे ऋण आज तेथे सन्मानाने राहणाऱ्या प्रत्येक भारतीयावर आहे.

आणि जे येथेच राहणार आहेत त्यांनीही हा विषय परक्यांचा म्हणून सोडून देऊ नये. पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण सोसायट्यांत जागा भाड्याने देताना आडनाव विचारले जाते. 'आमच्याकडे अमुक चालत नाहीत' हे वाक्य सुशिक्षित तोंडून सहज निघते. खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या मागास समाजातील मुलाला खोलीसाठी आडनाव दडवावे लागत असेल, तर ऑथरिन लूसीला वसतिगृह नाकारणाऱ्यांपेक्षा आपण फार पुढे आलो, असे म्हणता येणार नाही. तो मुलगा उद्या 'आमच्या समाजाचे वेगळे वसतिगृह हवे' म्हणाला, तर त्याला एकात्मतेवर प्रवचन देण्याआधी त्याला नाकारलेल्या खोल्यांचा हिशेब द्यावा लागेल.

ज्यांच्या घरी एखादी खोली रिकामी आहे, त्यांनी येत्या जूनमध्ये ती देताना आडनाव विचारू नये. शिक्षण विचारावे, स्वभाव पाहावा, भाडे ठरवावे आणि पहिल्या संध्याकाळी त्या मुलाला आपल्या पानाशेजारी पान मांडून जेवायला बसवावे. कायदा आणि न्यायालय पोहोचत नाहीत तेथपर्यंत हे ताट पोहोचते.